मानेच्या एक्स-रेतली काळी रेघ आणि अर्न्स्ट माख

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातलं हे प्रकरण. रुग्णाची परवानगी घेतली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वैद्यकीय दृष्टीनं प्रकरण मोठं नाही, रुग्ण आज शेतात काम करतो आहे. तरी ते सविस्तर लिहितो आहे, कारण त्या दिवशी एका कुटुंबाचा सगळा निर्णय फिल्मवरच्या एका रेघेवर टांगलेला होता. ती रेघ हाडात नव्हती. अशी रेघ डोळ्याला का दिसते हे एका भौतिकशास्त्रज्ञानं १८६५ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या तीस वर्षं आधी, सांगून ठेवलं होतं.

रुग्ण कसा आला

पंचावन्नच्या आसपासचे शेतकरी. कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. वेचणीचे दिवस होते. बैलबंडीवर कापसाची गाठोडी रचून ते वर उभे राहून दोर आवळत होते. दोर सुटला आणि ते पाठीमागे खाली आले. डोक्याचा मागचा भाग आणि उजवा खांदा आधी टेकला. शुद्ध हरपली नाही, हातापायाला मुंग्या नाहीत, पण मान वळवता येईना.

घरच्यांनी त्यांना मालवाहू गाडीत घालून आधी एका खाजगी ठिकाणी नेलं. तिथे मानेचे तीन एक्स-रे झाले. हाड मोडलं आहे, ताबडतोब नागपूरला न्या, ऑपरेशन लागेल, असं सांगण्यात आलं. आमच्याकडे ते संध्याकाळी पोचले तेव्हा मानेभोवती दुपट्टा गुंडाळलेला होता आणि ते बाकावर बसलेले होते. आम्ही सगळ्यात आधी त्यांना आडवं केलं आणि कडक कॉलर लावली. बोलणं त्यानंतर.

मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, "सायेब, मान मोडली म्हणते. आपरेशनले लय पैसा लागन. उद्या सकाळी व्यापारी येते, बैलजोडी देऊन टाकाचं पाह्यतो आहो."

हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. त्या दिवसांत बैलजोडी विकणं म्हणजे एक हंगाम हातचा घालवणं. पुढच्या वर्षी तीच जोडी त्याच भावात परत मिळत नाही, हे इथल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. काकाजी छताकडे बघत एवढंच विचारत होते, "मान राहीन ना जी?"

तपासणीत चारही हातापायांची ताकद पूर्ण होती, संवेदना ठीक, प्रतिक्षिप्त क्रिया ठीक. उजव्या बाजूच्या स्नायूंवर दाबलं की ते कळवळत. मधल्या रेषेतही, वरच्या मणक्यांपाशी, थोडं दुखत होतं. हे 'थोडं' पुढे महत्त्वाचं ठरतं. मधल्या रेषेत दुखत असेल आणि माणूस उंचावरून पडला असेल, तर नुसत्या हातानं तपासून मान सुखरूप आहे असं कुठल्याही डॉक्टरनं म्हणू नये.

फिल्म

तीनपैकी एक एक्स-रे तोंड उघडं ठेवून समोरून काढलेला असतो. मानेच्या दुसऱ्या मणक्यातून वर एक सुळका निघतो, त्याला डेन्स किंवा ओडोंटॉइड म्हणतात. पहिला मणका कड्यासारखा असतो आणि तो या सुळक्याभोवती फिरतो. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो ती मुख्यतः इथे. सुळका बुडाशी मोडला आणि सरकला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून या जागी रेघ दिसली की डॉक्टरच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा.

या फिल्मवर सुळक्याच्या बुडाशी आडवी, केसासारखी बारीक काळी रेघ होती. स्पष्ट होती. आमच्या तरुण सहकारी डॉक्टरांना दिसली, तंत्रज्ञाला दिसली, मलाही दिसली. फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली की नजर थेट तिथेच जायची. आधीच्या डॉक्टरांना ती दिसली यात नवल नाही.

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. रेघ हाडाच्या कडेपाशी थांबत नव्हती. सुळक्याची कड ओलांडून ती थोडी बाहेरही गेली होती. मोडलेल्या हाडाची फट हाडातच राहते, हाडाच्या बाहेर हवेत जात नाही. बाजूनं काढलेल्या फिल्ममध्ये मणक्यांची पुढची रेषा अखंड होती आणि मणक्यांपुढच्या मऊ भागाला सूज दिसत नव्हती. शिवाय रेघेच्या अगदी वर, तिला समांतर, पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीची खालची कड सुळक्यावरून आडवी जात होती. म्हणजे त्या जागी दोन हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या होत्या आणि जिथे वरची सावली संपत होती तिथेच ही काळी रेघ उमटली होती.

मी फिल्मच्या पाकिटातला काळा कागद घेतला आणि कमानीची ती कड झाकली, रेघ मात्र उघडी ठेवली. रेघ गेली. कागद काढला, परत आली. सहकाऱ्यांनी स्वतः करून पाहिलं, मग तंत्रज्ञानं. फिल्मवरचा एक कणही हलला नव्हता. शेजारचा भाग झाकल्यानं जी रेघ नाहीशी होते ती फिल्मवर नसते, बघणाऱ्याच्या डोळ्यात तयार होत असते.

मग आमच्या यंत्रावर तोच एक्स-रे पुन्हा काढला. माणूस हलवायचा नाही, कॉलर काढायची नाही, फक्त वरची नळी काही अंशांनी तिरपी करायची. नव्या चित्रात कमानीची कड सरकली आणि काळी रेघ तिच्यासोबत सरकली. सुळक्याचं बूड मोकळं झालं. तिथे काहीच नव्हतं. आमचं चित्र संगणकावर येतं, त्यामुळे तंत्रज्ञानं कर्सर त्या कडेवरून सावकाश वरून खाली फिरवला. कमानीची सावली संपेपर्यंत आकडे एका दिशेनं बदलत गेले आणि मग स्थिर झाले. डोळ्याला जिथे काळी रेघ दिसत होती तिथे आकड्यांत वेगळा खळगा नव्हता.

१८६५ सालचं उत्तर

या रेघांना माख पट्टे म्हणतात. अर्न्स्ट माख १८३८ साली ब्रनो शहराजवळ, आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मला. शाळेत फारसा रमला नाही; मधली दोन वर्षं सुतारकाम शिकला, आणि पुढे स्वतःची उपकरणं स्वतः रचण्याची सवय त्याला आयुष्यभर राहिली. १८६० मध्ये व्हिएन्नात डॉक्टरेट, १८६४ मध्ये ग्रात्सला प्राध्यापक, आणि १८६७ पासून २८ वर्षं प्रागमध्ये प्रायोगिक भौतिकशास्त्राची खुर्ची.

ग्रात्सला असताना त्यानं पांढऱ्या चकत्यांवर काळे आकार रंगवून त्या वेगानं फिरवल्या. फिरणाऱ्या चकतीवर काळं-पांढरं मिसळून करडी छटा दिसते. आकाराची कड कशी वळवायची यावरून ती छटा मध्यापासून कडेपर्यंत कशी बदलेल हे आधीच हिशेबानं ठरवता येतं. म्हणजे उजेड किती आहे हे डोळ्याला न विचारता माहीत. अशा चकतीवर, उजेडाचा चढ जिथे सुरू होतो तिथे एक गडद कडं दिसलं आणि जिथे संपतो तिथे एक उजळ कडं. हिशेबात दोन्हींचा पत्ता नव्हता.

माखचं मोठेपण हे की 'दृष्टिभ्रम' म्हणून त्यानं विषय सोडून दिला नाही. त्यानं विचारलं, डोळ्याच्या पडद्याची रचना कशी असली तर असं दिसेल? त्याचं उत्तर: पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतःवरचा उजेड जसाच्या तसा कळवत नाही, शेजारचे बिंदू त्याला दाबतात. बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा किती वेगळा आहे, ते पुढे पोचतं.

सहकाऱ्यांना मी हे पाठकोऱ्या केसपेपरवर मांडून दाखवलं, इथेही मांडतो. समजा ओळीतल्या बिंदूंवर उजेड असा पडतो: १०, १०, १०, २०, ३०, ४०, ४०, ४०. प्रत्येक बिंदूतून त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा वजा करा. अंधाऱ्या सपाट भागात १० मधून ४ जाऊन ६ उरतात. पण चढाला चिकटलेल्या १० चे शेजारी १० आणि २०. त्यातून ६ जातात, उरतात ४. तो बिंदू आजूबाजूच्या अंधारापेक्षाही काळा झाला. वरच्या टोकाला, चढ संपतो त्या ४० मधून १४ जाऊन २६ उरतात, आणि त्याच्या पुढच्या सपाट ४० मधून १६ जाऊन २४. तो बिंदू आजूबाजूच्या उजेडापेक्षाही उजळ. काळी रेघ आणि पांढरी रेघ, दोन्ही बेरीज-वजाबाकीतून निघाल्या.

माखच्या काळात हे पेशीपर्यंत जाऊन तपासण्याची सोय नव्हती. ती पुढच्या शतकात आली. हाल्डन केफर हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यातल्या एकेका चेतातंतूचे संदेश नोंदवले. असा डोळा अनेक छोट्या घटकांचा, म्हणजे नेत्रकांचा बनलेला असतो; एका नेत्रकावर उजेड टाकला की शेजारच्या नेत्रकाचा संदेश खरोखरच मंदावतो, हे त्यांना दिसलं. फ्लॉइड रॅटलिफ यांच्यासोबत त्यांनी हे मोजून मांडलं, आणि १९६७ च्या नोबेलमध्ये हार्टलाइन यांचा वाटा होता. दाबणाऱ्या शेजाऱ्यांची कल्पना माखनं नुसत्या फिरत्या चकत्यांवरून बांधली होती.

एक्स-रेशी या पट्ट्यांचं नातं जुनं आहे. क्ष-किरण सापडल्यावर काही वर्षांतच, ते लहरी आहेत का हे पाहण्यासाठी अरुंद फटीतून त्यांची छायाचित्रं काढण्यात आली. त्यांत दिसलेल्या रेघा लहरींची खूण म्हणून घेतल्या जात होत्या. डच भौतिकशास्त्रज्ञ वाइंड यांनी अशा रेघा डोळ्याच्या करणीच्या असू शकतात हे दाखवून दिलं. प्रयोगशाळेतली जाणती माणसं जिथे फसली तिथे रात्रपाळीच्या डॉक्टरनं फसू नये अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा, त्याला हे शिकवलेलं असावं. एमबीबीएसच्या अभ्यासात हे नाव क्वचितच कानावर पडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरच्यांना कसं सांगितलं

मुलाला काळ्या कागदाची गोष्ट दाखवली. त्यानं ती पाहिली, पण चेहऱ्यावर शंका होती, आणि ती रास्त होती. एकानं मोडलं म्हटलं, दुसरा कागद ठेवून रेघ गायब करतो. विश्वास कुणावर ठेवायचा?

त्याला पटलं ते सकाळी, वडिलांना यवतमाळला पोचवून तो कागदपत्रं न्यायला परत आला तेव्हा. आवारात पाण्याच्या टाकीची सावली सिमेंटच्या फरशीवर पडते. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची चकती सुमारे अर्धा अंश रुंद आहे, म्हणून सावलीची कड कधीच धारदार नसते. सावली पाडणारी वस्तू फरशीपासून पाच मीटरवर असेल तर कडेला साधारण साडेचार सेंटिमीटरचा धूसर पट्टा येतो, ऊन तिरपं असेल तर आणखी रुंद. त्याला वाकून बघायला सांगितलं. सावली संपते तिथे उन्हाच्या बाजूला, बाकी उन्हापेक्षाही उजळ अशी एक रेघ दिसते, आणि आतल्या बाजूला सावलीपेक्षाही काळी. फरशी तर एकसारखी. त्यानं बोटानं आतली काळी रेघ दाखवली, मग आपली वही आडवी धरून उन्हाची बाजू झाकली.

"गेली ना जी!" तो म्हणाला. मग वही उचलून पुन्हा पाहिलं. आणि लगेच पुढचा प्रश्न: "मंग बाबाची मान चांगलीच आहे ना?"

याला 'हो' म्हणणं त्या वेळी सोपं होतं. मी म्हटलं नाही.

निर्णय

काळी रेघ खोटी ठरली याचा अर्थ एवढाच की ही रेघ मोडल्याचा पुरावा नाही. हाड अखंड असल्याचा पुरावा त्यातून मिळत नाही. साध्या एक्स-रेत मानेचे काही अस्थिभंग दिसतच नाहीत, आणि या रुग्णाच्या मधल्या रेषेत दुखत होतं. म्हणून सीटी स्कॅन करायचाच, हे आधीच्या संध्याकाळीच ठरलं होतं. १०८ च्या गाडीतून, कॉलर लावून, सपाट झोपवून, रात्रीच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. चिठ्ठीत 'ओडोंटॉइडचा अस्थिभंग' असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: उंचावरून पडणं, मधल्या रेषेत वेदना, चेतासंस्था ठीक; ओडोंटॉइडच्या बुडाशी दिसणारी रेघ माख परिणामामुळे असण्याची दाट शक्यता, नळी तिरपी केल्यावर सरकते; अस्थिभंग वगळण्यासाठी सीटी करावा.

मग इतका खटाटोप करून बदललं काय? वैद्यकीय मार्ग तोच राहिला. पण काकाजींना रात्रभर मान मोडलेल्या माणसासारखं पडून राहावं लागलं नाही. सावधगिरी म्हणून तपासणी आहे, हे त्यांना कळलं होतं. नागपूरच्या ऑपरेशनची धावपळ थांबली. आणि निघण्याआधी मुलाला मी एवढंच सांगितलं होतं की कॉलर कुणी सोडायची नाही आणि सीटी होईपर्यंत बैलांचा सौदा करायचा नाही. त्यानं रात्रीच व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं.

सीटीत सुळका अखंड होता, बाकी मणकेही. स्नायूंना मार लागला होता. काही दिवस कॉलर, वेदनाशामक गोळ्या, मग मानेचे हलके व्यायाम. दुखणं उतरत गेलं, त्यामुळे पुढच्या तपासण्यांची गरज पडली नाही. हरभरा पेरला गेला, त्याच जोडीनं.

माखकडे पुन्हा

जगाला माखचं नाव विमानांमुळे माहीत आहे. प्रागला असताना त्यानं पीटर साल्खर यांच्यासोबत ध्वनीपेक्षा वेगानं जाणाऱ्या गोळीची छायाचित्रं मिळवली. गोळीच्या पुढे हवेत उठणारी धक्कालहर त्यांत स्पष्ट दिसते. ते काम १८८७ मध्ये प्रसिद्ध झालं. वस्तूचा वेग आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तराला 'माख अंक' हे नाव याकोब आकरेट यांनी १९२९ मध्ये दिलं, तेव्हा माखला जाऊन तेरा वर्षं झाली होती.

त्याचं इंद्रियांवरचं काम अनेकजण छंदासारखं बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. आगगाडी वळणावर झुकली की बाहेरची झाडं आणि घरं तिरपी दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं फिरणाऱ्या चौकटीत खुर्ची बसवली, बसणाऱ्याभोवती कागदाचं खोकं केलं आणि बाहेरचं काही दिसत नसताना फिरणं कसं जाणवतं ते तपासलं. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या गतीतला बदल कळवतात, या निष्कर्षाला तो पोचला. व्हिएन्नाचे योसेफ ब्रॉयर आणि एडिनबराचे क्रम ब्राउन त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. गोळीपुढची न दिसणारी लहर तो दिसती करत होता, आणि चकतीवरची दिसणारी रेघ नसल्याचं दाखवत होता. दोन्हीकडे प्रश्न एकच: जे नोंदलं जातं त्यातलं वस्तूचं किती आणि नोंदणाऱ्याचं किती?

न्यूटननं मानलेल्या निरपेक्ष, म्हणजे कुठल्याही वस्तूवर अवलंबून नसलेल्या अवकाशावर त्यानं घेतलेला आक्षेप याच प्रश्नातून आला, आणि त्याचं ऋण आइनस्टाइननं मान्य केलं. अणू मात्र त्यानं शेवटपर्यंत मनापासून स्वीकारले नाहीत, कारण ते इंद्रियांना थेट भेटत नव्हते. तिथे त्याचा निकष अपुरा पडला असं माझं मत आहे. डोळा नसलेली रेघ दाखवतो हे ज्यानं सिद्ध केलं, त्यानं डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीला थोडी जास्त जागा द्यायला हवी होती. १८९५ मध्ये तो व्हिएन्नाला गेला, त्याच वर्षाच्या शेवटी रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले. १८९८ मध्ये पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडली, तरी लिखाण चालू राहिलं. १९१६ मध्ये तो म्युनिकजवळ वारला.

आमच्या विभागात आता काय करतो

उजेडाच्या पेटीजवळ काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे लटकवलेले असतात. ओडोंटॉइडखेरीज अशी रेघ घोट्याच्या बाजूनं काढलेल्या फिल्ममध्ये दिसते, जिथे पायाची दोन हाडं एकमेकांवर येतात. छातीच्या फिल्ममध्ये हृदयाच्या कडेला काळी पट्टी दिसते आणि छातीच्या मधल्या भागात हवा साठल्याचा संशय येतो. दातांच्या डॉक्टरांना भरलेल्या दाताखाली कीड असल्यासारखी सावली दिसते. नवीन डॉक्टरांना आम्ही कड झाकून बघायला शिकवतो, आणि त्याच बैठकीत खऱ्या अस्थिभंगाची एक फिल्म शेजारी लावतो. तिच्यावर कागद कसाही ठेवला तरी फट राहते, हाडाच्या कडेला पायरी दिसते. पुठ्ठ्यानं रेघ गेली तरी मधल्या रेषेत दुखणाऱ्या रुग्णाची कॉलर सीटीशिवाय उतरवायची नाही, हे पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलं आहे.